बारा व्होल्ट

दिवसभर बोअरच्या मोटारी भरतो मी,
परभणीत, वसमत रोडला, पत्र्याच्या शेडात.
तीनची, पाचची, साडेसातची.
जळक्या वार्निशचा वास नखांत घेऊन घरी येतो
आणि रात्री हातात घेतो
बोराएवढी मोटार.

लाल गाडी. पाठीवर नंबर चौदा.
मुनाफच्या भाच्यानं दुबईहून आणलेल्या जोडीतली एक.
दुसरी हिरवी, तिला अजून हात लावला नाही.
प्लायवुडला खाचा मुंजाजी सुतारानं पाडून दिल्या,
विचारायला, हे काय, शेताचे पाट हायत का?
पाटच म्हण बाबा. पाण्याऐवजी करंट.
खाचेच्या दोन्ही काठांना तांबं,
जुन्या वाइंडिंगचं, ठोकून चपटं केलेलं.

आधी पोटातलं लोहचुंबक काढलं.
चिकटून पळणारी गाडी चांगली का वाईट
कळतच नाही कोणाला.
काढलं, आणि कपाटाच्या पायाजवळच्या वळणावर
ती उताणी पडली, चाकं हवेत फिरायलीत,
झुरळासारखी.
बरं झालं. आता खरं बोलू लागली.

काचेवर पॉलिशपेपर चिकटवून
मागची चाकं त्यावर घासली.
टायर गोल दिसतं, असत नाही.
बोटाला रबराची काळी राख लागली
तेव्हा कुठं दोन्ही बाजू सारख्या टेकल्या.
सराफ्यात नेऊन तोलली: अठ्ठ्याहत्तर ग्रॅम, सातशे मिली.
बद्रीशेठ म्हणाले, मोडायची का?
शिशाचा तुकडा, मुगाच्या डाळीएवढा, जिभेच्या मागं लावला.
जीभ म्हणजे खाचेत चालते ती.
तिच्या बाजूच्या तांब्याच्या वेण्या
सोडल्या, विंचरल्या, जराशा फुगवल्या.
बॉडीचे स्क्रू अर्धा आटा ढिले.
आवळून बांधलेली गाडी वळणावर रुसते
हे मला कोणी शिकवलं नाही.

वही केली. तारीख, फेरा, सेकंद, बदल काय केला.
पाच पॉइंट नऊ. पाच पॉइंट सहा.
शिलाईच्या तेलाचा एक थेंब: पाच पॉइंट चार.
दोन थेंब: सहा.
पुसलं.

तिकडं शिवकांता मशीनवर. लग्नसराई, बावीस ब्लाउज.
"काय करायलाव ओ रोज रोज?"
म्हणलं, गाडी तपासायलोय.
"एकटी पळवून? एकटी तर कोणतीबी पहिलीच येते."

मग उठलीच. गळ्यातला टेप तसाच.
हिरवी घेतली, डब्यातून निघाली तशी.
चुंबक तेवढं मी काढलं तिचंबी, न्याय म्हणून.

पहिल्या फेऱ्याला माझी पुढं. दुसऱ्याला पुढं.
तिसऱ्याला सरळ पट्टीवर हातभर पुढं
आणि कपाटाच्या पायाशी खाली.
हिरवी मागून आली, वळणाआधीच मंद झाली,
आणि अजून वळणातच असताना
तिनं वेग धरला.
दहा फेरे. एकदाबी पडली नाही.
"कॉलर लावताना," म्हणली, "सुई वळायच्या आधी पाय उचलावा लागतो.
वळल्यावर उचलून काय उपयोग?"

वही उघडली. हिरवी, शेवटचा फेरा, पाच पॉइंट दोन.
'बदल काय केला'च्या रकान्यात
पेन बराच वेळ टेकून राहिलं,
शाईचा ठिपका मोठा होत गेला.

लाल गाडी उलटी करून बघितली.
मागच्या आक्साला दोरा, मोरपंखी, वीतभर,
तिच्याच मशीनखालचा.
बघ, म्हणलं, तुझ्या दोऱ्यानं हरलो मी.
"मग काढा की. परत लावू."

परत लावली. चौथ्या फेऱ्याला लाइट गेली.
अंधारात दोघं, हातात एकेक खटका.
गल्लीत कोणाचं तरी इन्व्हर्टर कण्हायलं.
"पुढं कोणाची होती?"
माझी.
"बरं."
डास. तापल्या मोटारींचा वास, लहानसा,
माझ्या शेडातल्या वासाचा नातू.

लाइट आली आणि लाल गाडी
कोणी चिमटा काढल्यागत सुटली,
कपाटाखाली जाऊन आदळली.
माझं बोट दाबलेलंच होतं सगळा वेळ.

हिरवी होती तिथंच उभी.
शिवकांतानं टेप गळ्यातून काढून मांडीवर ठेवला,
आणि मग हळूच
खटका दाबला.