साफी माफी

कर्झकानच्या पश्चिमेला पाणी फार लांब ओसरतं.
गुडघाभर, मग घोटाभर, मग नुसता चिखल,
आणि चिखलात हाजी मक्कीचा हद्रा:
खजुरीच्या झावळ्यांचे दांडे ओळीनं रोवलेले.
भरतीला मासा आत येतो,
ओहोटीला कुडाकुडानं चाचपडत
शेवटच्या गोल खोलीत पोचतो.
त्या खोलीला म्हणतात सिर्र.
सिर्र म्हणजे गुपित.

साफीच्या पोटात गाबोळी असते तेव्हा
हाजी या गुपिताचे तीन दांडे उपटून ठेवतो.
दार उघडं. दोन महिने.
कुणी सांगितलं? बापानं. त्याला? त्याच्या बापानं.
कागद आहे? हाजी हसला.
मला आई आठवली, नारळी पुनवेआधी
होडीला हात लावला म्हणून
मला पायरीवर उपाशी बसवणारी.
दर्याला पोरं वाढवायची असतात रे, म्हणायची.

मी ड्रेजरवरचा.
समोर दिसतो ना पिवळा दिवा, तो आमचा.
तळाची वाळू ओढायची, नळीतून बेटावर ओतायची,
बेट मोठं होतं, समुद्र गढूळ होतो.
शुक्रवारी सुट्टी असते.
शुक्रवारी मी हाजीकडे जातो, हे ड्रेजरवर सांगत नाही;
ड्रेजरवरचा आहे, हे हाजीला
पहिल्याच दिवशी बुटांवरून कळलं होतं.

इथे येऊन पहिला शब्द शिकलो तो माफी.
पाणी माफी. सिग्नल माफी. पगार, दोस्त, आज माफी.
माफी म्हणजे नाही.
अकरा वर्षं झाली, तरी कान मराठीच ऐकतात.
हाजी रिकाम्या सिर्रमध्ये उभा राहून म्हणाला,
साफी माफी,
आणि मला वाटलं
हा माणूस माशांची क्षमा मागतोय.

त्याचा आजा बुडी मारून
समुद्राच्या तळातून गोडं पाणी आणायचा, कातड्याच्या पिशवीत.
खाऱ्याच्या पोटात गोडा झरा: कौकब.
कौकब म्हणजे तारा, हाजीनं बोट वर केलं.
आणि आता?
बोट खाली आलं. मोया माफी.

बुधवारी रात्री वारा सुटला, गाळ अडवायचा पडदा फाटला.
वावभर भोक. तपकिरी पाणी
समुद्रगवताकडे निघालं, हद्र्याकडे निघालं.
फोरमन डॅनिलो म्हणाला, नवा रविवारी येईल, फॉर्म भरलाय.
रविवार!
मी फोन केला. हाजीला फोन उचलता येत नाही,
नात रबाबनं उचलला.
तासाभरानं होडी आली, दिवा नसलेली.
होडीत हाजी, नायलॉनचं सूत, आणि लाकडी सुई,
अगदी आमच्या करंज्याच्या बाबाच्या हातची असावी अशी.

दोघं पाण्यात, गळ्यापर्यंत.
त्याला मराठी येत नाही, माझी अरबी नाही-होय एवढीच.
पण गाठ तीच होती.
करंगळीवरून फास, वरून वेढा, दातानं ताण.
बाबा गेले ते खाडी बुजवली त्याच्या पुढच्या वर्षी;
त्यांचे हात कुठे गेले
हे त्या रात्री मला कळलं.
रबाब होडीतून टॉर्च धरून होती
आणि जांभया देत होती.

सकाळी डॅनिलोनं टाके बघितले.
हे कुणी मंजूर केलं?
मी म्हणालो, माहीत माफी.
तो हसला. लिहिलं मात्र काहीच नाही.

शुक्रवारी ओहोटीला गेलो.
सिर्रमध्ये सात साफी, तळहाताएवढ्या.
हाजीनं पाच बाहेर सोडल्या,
एक स्वतःला ठेवली, एक माझ्या पिशवीत टाकली.
साफी फी, म्हणाला. आहे.
मग अंगठा आणि बोट जवळ आणून: थोडीशी.

शनिवारी पहाटे सहाला ड्रेजर सुरू झाला.
चालू मीच केला.
पिशवीला अजून वास येतो.