फडक्याचा आकडा

कोल वॉशरीच्या लॅबमधला तराजू
श्वाससुद्धा मोजतो.
दार उघडं राहिलं की आकडे थरथरतात,
म्हणून सात वर्षं मी
दम धरूनच वजनं घेतली.

महिन्यातून दोनदा गाळणकागद बदलायचा.
आदल्या रात्रीपासून यंत्राभोवती पाण्याचा टँकर फिरतो,
डंपर वणीच्या फाट्यावर अडवून ठेवतात,
आणि खंगार साहेब फोनवर विचारतात,
"त्र्याऐंशीच ना?"
त्र्याऐंशीच.
मर्यादेच्या आत, गोल नसलेला,
खरा वाटावा असा.

खिडकीबाहेर रस्त्यालगतची पऱ्हाटी.
बोंडं फुटतात तीच राखाडी.
खुर्ची मी फिरवून घेतली आहे,
पाठीत उन्हं येतात या निमित्तानं.

काल रत्नमाला आत्राम टेबल पुसत होती.
माझ्या चिमट्यातला कागद पाहून म्हणाली,
"हा पांढराच काऊन हाये, सर?
म्या त इथं सकाळीच पुसलं होतं."
फडकं पुढे केलं.
"याचा नंबर किती येते?"

हसण्यावारी न्यायला हवं होतं.
मी फडकं घेतलं, वाळवलं,
तसलंच एक कोरं मागवलं,
दोन्ही तोलली.
दार सताड उघडं.
आकडा बराच वेळ थरथरला,
मग ठरला.

रजिस्टरात त्र्याऐंशीच्या शेजारी
तो लिहिला. तारीख टाकली.
सही केली, या वेळी वाचता येईल अशी:
वा. म. ढवस.

साहेबांचा फोन वाजतोय.
रत्नमाला दारात उभी.
"फडकं द्या ना, सर,
खिडक्या राह्यल्या."