खाडा

आस्थापना विभागात माझ्या टेबलावर
दोन रजिस्टरं आहेत.
एक जाड, कापडी पाठीचं. त्यात रजा असते.
दुसरं शाळेच्या वहीएवढं. त्यात खाडा असतो.

जाड्यात रकानेच रकाने:
नैमित्तिक, अर्जित, अर्धवेतनी, परिवर्तित.
नुसती नावं उच्चारली तरी मी जरा ताठ बसतो,
तीनशे दिवस शिल्लक ठेवून निवृत्त झालेल्या
हत्तुरे साहेबांसारखा.
साहेब एकदाच रजेवर गेले, गड्ड्याच्या जत्रेला,
आणि दुपारी परत आले,
कपाटाची किल्ली खिशात राहिली म्हणून.

वहीला रकाने नाहीत.
नाव, तारीख, फुली.
महिनाअखेर मी फुल्या मोजतो, एजन्सीला कळवतो,
एजन्सी तेवढे दिवस कापते.
मी कापत नाही. मी फक्त मोजतो.

अंबिका म्याकल, प्रमाणपत्र विभाग, कंत्राटी.
अशोक चौकातनं सकाळी तिचा फोन येतो:
"सर, नळ आलाय. आज खाडा धरा."
पाच दिवसांनी आलेलं पाणी,
कोण सोडून येणार?
त्याच पाण्यासाठी लेखा विभागातले बिराजदार
अर्ध्या दिवसाची किरकोळ टाकतात.
किरकोळ म्हणजे पगारी.

माझे वडील मिलमध्ये बदली कामगार होते.
भोंग्याला फाटकाशी उभं राहायचं,
कुणी आला नाही तर आत घ्यायचे.
दुसऱ्याच्या तापावर आमची चूल पेटायची.
हे मी ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही.

मार्चात अंबिकाला मुलगी झाली.
दीक्षान्त समारंभ तोंडावर आलेला.
एकविसाव्या दिवशी ती केगावला बसमधून उतरली,
ओढणीच्या आत रुमालाची घडी,
दोन वाजेपर्यंत ती घडी भिजलेली.
अकराशे प्रमाणपत्रांवर
एकच रकाना तपासायचा होता:
आईचं नाव.

सासू विड्या वळते. तिनं विचारलं म्हणे,
"मला बाळंतपणाचे पैसे विडीच्या कार्डावर मिळाले होते.
एवढं मोठं तुझं विद्यापीठ,
तुला साधं कार्ड नाही?"
अंबिका हे हसत सांगत होती.
मी एकवीस फुल्यांवरून बोट फिरवत होतो,
हिशेब पुन्हा पुन्हा तेवढाच येत होता.

मग समिती नेमली गेली, रजा धोरण सुधारणा.
मसुदा माझ्याकडे, कारण युनिकोड मला येतं.
लिहिलं: कंत्राटींना पगारी रजा.
लिहिलं: बाळंतपणाला सहा महिने, एजन्सी कुठलीही असो.
लिहिलं: जुन्या उत्तरपत्रिकांची खोली रिकामी करून पाळणाघर.
रात्री उशिरा एक ओळ वाढवली:
नळाच्या दिवशी दोन तासांची सवलत.
हसतील म्हणून खोडली.
सकाळी परत घातली.
आणि सगळ्यात वर, कलम एक:
खाडा हा शब्द या कार्यालयात वापरू नये.

पहिली बैठक तहकूब झाली,
अध्यक्ष अर्जित रजेवर होते.
दुसऱ्या बैठकीत चहा आला, कलम एकवर चर्चा झाली,
पर्यायी शब्द सुचवावा असं ठरलं.
बाकी कलमं वित्त विभागाकडे.
तिथं त्यांच्यावर पंखा फिरतोय.

एप्रिलअखेर अंबिकाचे अकरा महिने भरले.
नियमानं एक दिवस सेवाखंड.
त्या दिवशी रजा नाही, खाडा नाही,
त्या दिवशी ती कुठल्याच वहीत नसते.
त्रेचाळीस डिग्रीत ती तरी आली,
कामाला नाही, मुलगी दाखवायला.
मुलीनं जाड रजिस्टराची फीत मुठीत धरली,
सोडेना. बिराजदार म्हणाले,
"ही कायम होणार बघा."
सगळे हसले. मीही.

"नाव काय ठेवलं?"
"अजून कुठं, सर.
बारसं येत्या रविवारी करायचं होतं,
पण रविवारी आमच्याकडं पाणी आहे."