हिला

तिचं नाव हिल्ला.
तिकडच्या दलदलीत पिकणारं एक केशरी फळ,
पहिल्याच दिवशी तिनं वहीत काढून दाखवलं.
आमच्या घरात मात्र
'हिला ताट वाढ', 'हिला छत्री दे',
'हिला विचार, पाणी कढत हवं का'
आणि दर वेळी ती मान वर करायची
हाक आल्यासारखी.
आठवड्याभरात कळलं,
हिच्यासमोर हिच्याविषयी बोलता येणार नाही.

घरात मराठी, कुळागरात कोकणी,
पोदेराशी नुसती भोंप्याची भाषा.
तिच्या पुस्तकातलं वाक्य: कृपया, स्टेशन कुठे आहे?
सावईवेऱ्यात स्टेशन नाही.
ती पोफळींना विचारायची,
अक्षर अन् अक्षर सुटं करून.

बोलायची कमी. मला वाटे, रुसली.
'काय झालं? काय झालं?' इतक्यांदा विचारलं मी
की शेवटी तिला खरंच रडू आलं.

(आमची ऋजुता तिच्या गावी, तिच्या खोलीत.
तिथे जेवलीस का म्हणून कुणी विचारत नाही म्हणे.
फ्रिज कुठे आहे ते एकदा दाखवतात.)

चवथीच्या आदल्या रात्री
माटोळीखाली उभं राहून ह्यांनी यादी वाचली:
कवंडळं, कांगलं, आंबाडे, घागऱ्या, सुपारीचा शिपटा.
ती आत गेली
आणि लोकरी मोज्यात गुंडाळलेलं
एक लाकडी फळ घेऊन आली.
घरामागच्या झाडाचं, म्हणाली.
सुरूच्या बोंडासारखं, पण बोटभर लांब,
इथल्या दमट हवेत खवले घट्ट मिटून बसलेलं.
ह्यांनी क्षणभर चौरंगाकडे पाहिलं.
मग सुतळी मागितली.

आरतीला आलेले पुंडलिक केरकर
वर बघत म्हणाले, हे कसलं हो?
'वरच्या रानातलं,' हे म्हणाले.
नकाशा पाहिला तर खोटं नव्हे.
हिला हसू आलं.
म्हणजे हिल्लाला.

बाकीचं सगळं वाटलं गेलं, काही पाण्यात गेलं.
ते फळ राहिलं फडताळात,
सोलांच्या बरणीशेजारी. मी विसरलेही.

मार्गशीर्षातली कोरडी दुपार.
मी तांदूळ निवडत होते.
कट्ट.
पाल म्हणून वर पाहिलं
तर एक खवला उघडलेला.
थोड्या वेळानं दुसरा.
माशीच्या पंखाएवढं पातळ काहीतरी
भिरभिरत खाली आलं,
सुपातल्या तांदळात पडलं.
ते बाजूला काढायला माझा हात उठेना.

ती कॉलेजातून आली,
चपला काढता काढता थांबली,
माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

'काय झालं?' तिनं विचारलं.
आणि मी काही बोलेना म्हणून
पुन्हा,
अगदी माझ्या सुरात,
'काय झालं?'