बारा मीटर

शुक्रवारी पहाटे साडेचारला बातहून निघालो.
पाठीवर सहा लिटर पाणी, आठ चपात्या, लिंबाचं लोणचं,
पायांत साइटवरचेच सेफ्टी शूज.
अल-ऐन बावीस किलोमीटर. पिकअपने वीस मिनिटं.
अकरा वर्षं मी ती वीस मिनिटंच ओळखत होतो.

मुसब्बहने विचारलं होतं, गाडी बिघडली का?
नाही म्हटलं, चालायचंय. पुढच्या गुरुवारी माझं विमान आहे.
आमच्या गावात चुकून शिरलेल्या म्हशीकडे बघतात
तसं त्याने माझ्याकडे बघितलं,
मग खिशातून मूठभर खजूर काढून दिले.

अंधारात पहिल्या कबरी लागल्या.
दुरून भाताच्या उडव्या वाटतात,
जवळ गेल्यावर कळतं, कापणी फार जुनी आहे.
पाच हजार वर्षं, असं पाटीवर लिहिलंय.
पाटी बारा वर्षांची, तिचा रंग उडालाय.

माझे वडील गडगे घालायचे.
चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड.
म्हणायचे, दगडाला तोंड असतं,
ते सापडलं की तो आपणहून बसतो.
मला ते कधी सापडलं नाही,
म्हणून मला डिप्लोमाला घातलं.

चेनेज पाच हजार दोनशे पन्नास.
अंधार होता म्हणून थांबलो नाही,
असं मी मला सांगितलं.

सूर्य वर आला तेव्हा मी वादीत होतो.
गोट्यांवर पाऊल पडतं ते आपलं नसतं,
घोटा ठरवतो कुठे जायचं.
हिला मी नकाशात ‘बॉक्स कल्व्हर्ट, दोन गाळे’ लिहिलं होतं.
हिच्यात बोरी आहेत हे लिहिलं नव्हतं.
सिद्र म्हणतात इथे.
काटा रुतला तेव्हा तोंडातून बोरच निघालं,
आणि पलीकडच्या शेळ्यांनी माना वर केल्या.

नऊ हजार नऊशेवर रस्ता उगाच वाकतो.
त्या दिवशी मुसब्बह ग्रेडर चालवत होता.
समोर दगडांचा गोल ढीग. माझ्या कागदावर: ‘सुटे दगड, हटवणे’.
त्याने इंजिन बंद केलं. खाली उतरला. सावलीत जाऊन बसला.
मी ओरडलो. त्याने थर्मासमधला काहवा ओतला,
एक कप माझ्यासाठीही.
रेषा बारा मीटर सरकली.
महिनाभर मी वळणाची त्रिज्या नव्याने काढत होतो
आणि त्याला शिव्या घालत होतो, मालवणीतून,
म्हणजे कुणाला लागणार नाहीत अशा.

आज त्या बारा मीटरांत बसून दोन चपात्या खाल्ल्या.

अल-ऐनला पोचलो तेव्हा तीन वाजले होते.
कड्यावर ओळीने कबरी, मागे मिश्तचा डोंगर,
कंगव्यासारखा, ज्याने कुणाचेच केस विंचरले नाहीत.
मोजल्या, एकवीस. पुन्हा मोजल्या, वीस.
एकीच्या दाराशी वाकलो. आत गारवा,
आणि कुणा गवंड्याचा
दोन थरांमध्ये चिप बसवण्याचा हट्ट.
हात लावला नाही.
बूट काढले. डाव्या पायाचं नख काळं झालं होतं.

संध्याकाळी मुसब्बह न्यायला आला.
परतताना म्हटलं, पाच हजार दोनशे पन्नासला थांब.
चेनेज त्याला कशाला माहीत असणार?
तरी बरोबर तिथेच थांबला.

त्या आठवड्यात तो रजेवर होता.
ढीग सकाळी होता, दुपारी नव्हता.
भरावात गेला, वर खडी, वर डांबर.
मी सही केली होती, निळ्या पेनने.

हेडलाइट चालू ठेवून तो उतरला.
मी उतारावर गुडघ्यांवर बसून हात फिरवत होतो.
काही पडलंय का तुझं?
हो म्हटलं.
त्याने टॉर्च काढला, शेजारी बसला,
काय शोधायचंय ते विचारलं नाही.

बऱ्याच वेळाने एक पांढरा, चपटा हाताला आला,
एका बाजूने जरासा बाक असलेला.
मी तो फिरवला. पुन्हा फिरवला.
सापडलं त्याचं तोंड.
ठेवायचा कुठे, ते दोघांनाही कळेना.