पस्तीस रुपये

अप्पांच्या बोटांना रेषा उरल्या नाहीत.
उद्यमबागच्या फाउंड्रीत एकोणतीस वर्षं
कास्टिंगचे काठ घासता घासता गेल्या.
फोनला त्यांचा अंगठा ओळखूच येईना.
तीनदा दाबला, चौथ्यांदा शर्टाला पुसून दाबला,
मग म्हणाले, "हा मला मेलेला समजतोय की गे."

तेव्हा पिन मीच ठेवला, जुन्या स्कूटरचा नंबर.
आणि मेसेज माझ्याकडे लावून घेतले.
काळजी म्हणून. फसवतात हल्ली म्हाताऱ्या माणसांना.
हे मी भावाला सांगितलं, नवऱ्याला सांगितलं,
कुणी विचारलं नव्हतं.

मग चिंचवडला माझ्या टेबलावर वडगाव उजाडायला लागलं.
सहा चाळीस, दूध, सव्वीस.
सात दहा, मेहबूब पान शॉप, दहा.
म्हणजे तंबाखू सुटली नव्हती तर.
नऊला कधी इडली, कधी नाही.
शनिवारी पाव किलो कुंदा,
रक्तात साखर दोनशे चाळीस असताना.
मीटिंगमध्ये बसून मी त्यांच्या मागे मागे चालायचे,
कपिलेश्वराच्या पुलाखालून, शहापूरच्या वळणावरून,
बाप कुठे थांबला, किती थांबला,
जसे ते माझ्या शाळेच्या रिक्षामागे स्कूटर घेऊन यायचे.
फरक इतकाच, की ते मला दिसायचे.

आणि मंगळवारी, अकरा-सव्वाअकराला,
गंगव्वा सोमन्नवर, पस्तीस.
पुढच्या मंगळवारी पस्तीस.
श्रावण गेला, नवरात्र आलं, पस्तीस.
एकदा सत्तर.
त्या सत्तरवर मी दोन दिवस घालवले.

विचारायचं नाही असं ठरवून विचारलं.
जेवलात का आणि गोळी घेतली का, यांच्या मधोमध,
"अप्पा, गंगव्वा कोण हो?"
त्यांच्या मागून भंगारवाला ओरडत गेला,
आधी कन्नडात, मग मराठीत.
अप्पा म्हणाले, "घेतली गोळी."

पहिल्या तारखेला एकच मेसेज आला.
एटीएम, गोवावेस, चार हजार.
त्यानंतर काही नाही.
दूध नाही, पान नाही, इडली नाही.
महिनाभर माझे वडील कुठेच गेले नाहीत.
मी बॅलन्स उघडून बघायचे, तो हलायचा नाही.
एका रात्री मला चक्क
मेहबूबच्या दहा रुपयांची आठवण आली.

दिवाळीनंतर गेले तो मंगळवार होता, मुद्दाम नव्हे.
मुद्दामच.
"चल, भाजी आणू," म्हणाले
आणि भाजीच्या उलट दिशेला निघाले.
कोपऱ्यावर गाडा. ज्वारीच्या कडक भाकऱ्यांची चळत,
शेंगाचटणी, कांदा, बाकावर फडक्याखाली ताकाचं मडकं.
गाड्यामागच्या बाईनं काही न विचारता दोन ताटल्या मांडल्या,
माझ्याकडे एकदा नीट बघून घेतलं.
ती त्यांच्याशी कन्नडात बोलत होती, ते तिच्याशी मराठीत,
दोघांचं कुठे काही अडत नव्हतं.
कसल्याशा पाण्याच्या टाकीवरून बोलणं चाललेलं,
आणि मधेच अप्पा हसले.
हे हसू मला नवीन होतं,
मेसेजमधून ते कधी आलं नव्हतं.

शेजारच्या पोरानं स्कॅन केलं, डबा बोलला,
"मूवत्तैदु रुपायी बंदिदे."
साऱ्या चौकाला कळलं त्यानं काय खाल्लं.
अप्पांनी खिशातून चौपदरी घडीच्या नोटा काढल्या,
अंगठ्याला थुंकी लावली,
माझ्याकडे न बघता मोजल्या.

डब्याखाली पाटी होती, तिच्यावर नाव,
कन्नडात, ठळक, पिवळ्यावर लाल.
मला कन्नड वाचता येतं.
आठवीपर्यंत होतं शाळेत, आणि पेपरात बरे मार्क पडायचे.
मी मान खाली घालून भाकरी मोडली.
आवाज जरा जास्तच झाला.