अपवादांची यादी

विश्वंभर फोनवर सांगत होता,
मामा, सेटिंगमध्ये जा. आता शेड्यूल. दिसलं का?
दिसलं.
रोज स्कॅन करू की आठवड्याला, विचारतंय बघा.
म्हणालो, आठवड्याला. नळासारखं.

मग वेळ.
दुपारी नको, दुपारी लाईट जाते.
संध्याकाळी पत्रिका बसवायच्या असतात,
दारात माणूस उभा, वधूच्या चुलत आजोबांचं नाव राहिलं म्हणून.
पहाटे नको. साठीनंतर झोप लागते ती पहाटेच.
राहिला मंगळवार, रात्री दोन.
कादराबादेत आमच्या गल्लीला तेव्हा पाणी येतं,
जागं राहावंच लागतं.

म्हणून मंगळवारी घरात दोन यंत्रं घरघरतात,
एक मोरीत, एक टेबलाखाली.
चंद्रकला पाइप एका ड्रमातून काढून दुसऱ्यात टाकते,
मी आकडा बघत बसतो: चौदा हजार फायली, धोका शून्य.
ती ओरडते, निळा भरला!
मी ओरडतो, सी झाला, डी चालू!
भिंतीपलीकडून हबीब इस्त्रीवाला विचारतो,
किती ड्रम घेतले वो तुम्ही?

तिसऱ्या मंगळवारी खिडकी लाल झाली.
धोका सापडला.
नाव लांबलचक, टिंबं नि आकडे,
त्यातला ट्रोजन एवढाच शब्द मला लागला.
पत्ता मात्र ओळखीचा:
डी, त्यात गौस, त्यात फॉन्ट.

गौसभाईनं ती सीडी हैदराबादहून आणली होती
बनियनच्या आत, पोटाला चिकटवून.
किल्ली तोडलेली कॉपी. खरी घ्यायची
तर मशीन विकून घ्यावी लागली असती.
त्या रात्री दोघांनी पहिल्यांदा अक्षरं काढून पाहिली.
ज्ञ फुटला नाही. क्ष फुटला नाही.
आणि सोयऱ्यातला ऱ्या असा वळून आला
की मराठी न वाचणारा गौसभाई म्हणाला, वा.

बावीस वर्षं झाली.
अर्ध्या जालन्याची लग्नं या चोरीच्या अक्षरांत लागली.
बारशी, वास्तुशांती, तेराव्याचे कागद,
आणि तळाला मुंगीएवढ्या टायपात
आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं.

पडद्यावर तीन बटणं.
पुसा. वेगळं ठेवा. परवानगी द्या.

गौसभाई आता भोकरदन नाक्यावर मोबाइलची कव्हरं विकतो.
अडीचला फोन लावला, उचलला.
म्हणालो, तुझी सीडी व्हायरस निघाली.
थोडा वेळ नुसता पंखा ऐकू आला.
मग म्हणाला, बाईस बरस में किसकू काटी क्या?

कुणाला चावली नाही, हे खरं.
पण चोर तो चोर, यंत्राचं काय चुकलं?
आणि समजा, खरंच मागचं दार उघडं होतं,
खरंच बावीस वर्षं कुणीतरी रोज रात्री आत येत होतं,
तर त्याला काय सापडलं असेल इथं?
उलटून गेलेले मुहूर्त.
कृपया आहेर आणू नये.
कार्यवाहकांच्या रांगेत कोण आधी, कोण नंतर
यावरून सात वेळा बदललेली एकच फाईल.
ज्यांचं पुढं जमलं नाही
त्यांचीही नावं, ठळक, सोनेरी.
वाचत बसला असेल बिचारा.

भाच्यानं दाखवलेल्या कोपऱ्यात गेलो. अपवाद.
यादी रिकामी होती.
गौसचं फोल्डर तिथं नेऊन ठेवलं,
यंत्रानं दोनदा विचारलं, नक्की?
दुसऱ्यांदा जरा थांबलो.

मोरीतून चंद्रकला म्हणाली,
काय निघालं वो? कामून गप झालात?
काही नाही, म्हणालो. ओळखीचंच होतं.
ती काही बोलली नाही.
मोटर कोरडी फिरायला लागली होती,
पिवळा ड्रम अर्धाच,
स्कॅन बासष्ट टक्क्यांवर.